उलटी कानस

काचेच्या बाटल्या करणाऱ्या त्या कारखान्यात डावऱ्याला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. हातोडी डाव्या हातात, पाना डाव्या हातात, कानससुद्धा डाव्याच हातात. त्यामुळे नोकरीला लागल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचं नवं बारसं झालं आणि पुढची बावीस वर्षं तेच नाव चाललं. फिटर म्हणून त्याचा दबदबा होता. दुसऱ्यानं हात टेकले की काम डावऱ्याकडे यायचं, आणि सुटा भाग स्टोअरमध्ये नसला तरी डावरा काहीतरी घासूनपुसून वेळ मारून न्यायचा. असल्या कसबाचं कौतुक करणारे सगळीकडे असतात. काम चालू झालं की पाठ थोपटतात आणि काम कसं झालं ते विचारत नाहीत.

चार महिन्यांपूर्वी त्याच्या साडूचे दोन्ही डोळे गेले, ते या कसबामुळे. हे डावऱ्याला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणालाही नव्हतं.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, आणि त्याच्याही आधीपासूनचा दोस्त. दोघं एकाच खात्यात फिटर, शेजारी शेजारी कपाटं. मेहुणीसाठी हे स्थळ डावऱ्यानंच सुचवलं होतं. सासरे जरा कां-कूं करायला लागले तेव्हा तो छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "पोराचा हात सोन्याचा आहे. डोळे झाकून मुलगी द्या." आता मध्येच कधी हे वाक्य आठवलं की तो चालता चालता थांबायचा.

भट्ट्यांना गॅस पुरवणाऱ्या नळावर दोन रेग्युलेटर शेजारी शेजारी होते, एक नंबर आणि दोन नंबर, एक चालू आणि एक राखीव, कारण काचेची भट्टी एकदा विझली की तिच्यापुढे सगळा कारखाना हात जोडून बसतो. बाहेरून गॅस दांडग्या दाबानं यायचा, रेग्युलेटर तो दाब उतरवायचा. त्याच्या डोक्यावर लोखंडी टोपी, टोपीत दंडाएवढी जाड स्प्रिंग, स्प्रिंगच्या माथ्यावर एक चकती, आणि त्या चकतीला वरून रेटणारा लांब स्क्रू. स्क्रू आवळला की चकती खाली जाते, स्प्रिंग दबते, पुढचा दाब वाढतो. सैल केला की सगळं उलट. स्प्रिंग बदलायची तर गॅस बंद करून आतला दाब सोडायचा, मग स्क्रू पूर्ण काढायचा म्हणजे स्प्रिंग मोकळी होते, आणि त्यानंतरच टोपीच्या बोल्टना हात लावायचा. आधी स्क्रू, मग बोल्ट. काढलेला स्क्रू ज्यानं काढला त्यानं आपल्या खिशात ठेवायचा, म्हणजे आपले हात आत असताना वरून कुणी शहाणा तो आवळायला नको. हा रिवाज इतका मुरला होता की "स्क्रू खिशात" म्हणजे "आता काळजी नाही" असाच अर्थ झाला होता. कुणाची रजा मंजूर झाली, कुणाच्या पोरीला शाळेत जागा मिळाली, की माणसं म्हणायची, स्क्रू खिशात.

साडूचा स्क्रूही खिशात होता. तरी टोपी उडाली.

सहा बोल्ट निघाले होते, सातव्याला पाना लावला होता, आणि साडू वाकून बघत होता. टोपी त्याच्या चेहऱ्यावर आदळून पलीकडच्या फरशीवर पडली आणि तिचा माथा फुटून चार तुकडे झाले. त्यात स्क्रू होता की नव्हता हे कळायला मार्ग उरला नाही. चौकशी झाली. स्प्रिंग मोकळी असती तर टोपी उडाली असती का, असा साधा सवाल साहेबांनी कागदावर मांडला आणि त्याचं साधं उत्तरही स्वतःच लिहिलं: कामगारानं क्रम चुकवला. खिशात सापडलेला स्क्रू पेटीतला सुटा असावा.

चौकशीत डावऱ्यालाही बोलावलं होतं. "मागच्या वर्षी हा एक नंबर तूच उघडला होतास ना? तेव्हा आत सगळं ठीक होतं?"

"हो साहेब," डावरा म्हणाला. मग बाहेर येऊन त्यानं नळाखाली बराच वेळ हात धुतले. हाताला काही लागलेलं नव्हतं.

मागच्या वर्षी आत सगळं ठीक नव्हतं. एक नंबरची चकती तडकली होती आणि स्टोअरवाल्याकडे त्या मापाची दुसरी नव्हती. "आठ दिवसांत येईल," तो म्हणाला. आठ दिवस भट्टी एकाच रेग्युलेटरवर ठेवायला साहेब तयार नव्हते. मग डावऱ्यानं मोठ्या मापाची एक चकती घेतली, शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या पकडीत, आवळली आणि तासभर तिची कड कानशीनं घासत बसला. चकती टोपीत सहज खालीवर सरकली पाहिजे. ही सरकत नव्हती, हातोडीच्या दांड्याचा एक टोला दिल्यावर बसली. बसली म्हणजे झालं, खरी चकती आली की बदलू, असं त्यानं ठरवलं. साहेबांनी पाठ थोपटली. खरी चकती नवव्या दिवशी आली आणि स्टोअरच्या फळीवर वर्षभर धूळ खात पडली.

लोखंड गंजतं, त्याला कुणाच्या ठरवण्याशी देणंघेणं नसतं. घट्ट बसलेली चकती टोपीच्या आतल्या भिंतीला गंजानं धरून बसली, खाली दबलेली स्प्रिंग तशीच दबलेली ठेवून. मग एके दिवशी तक्रार आली की एक नंबरचा स्क्रू फिरवला तरी दाब हलत नाही. सगळे म्हणाले, स्प्रिंग मेली. कुणीही फिटर हेच म्हणाला असता. स्क्रू दोन आट्यांत हलका होतो, हाताला जोर लागत नाही, म्हणजे स्प्रिंगमध्ये जीव नाही. जीव होता, पण चकतीनं तो दाबून धरला होता.

एक नंबरचं काम साडूला दिल्याचं कार्ड वाचलं तेव्हा डावऱ्याला चकती आठवली होती. हेच त्याला गिळता येत नव्हतं. विसरला असता तर विसरलो म्हणून रडता आलं असतं. सकाळची वेळ, दोघं कपाटापाशी उभे, आणि तो सांगायला तोंड उघडतोय तोवर साडू म्हणाला, "काय रे डावऱ्या, आज तुझ्या उलट्या कानशीला कुणाचं नशीब घासायचंय?" डावरा हसला. साडू कार्ड घेऊन निघून गेला. बघेलच तो उघडल्यावर, चांगल्या दोन शिव्या देईल, असं मनाशी म्हणून डावरा बाटल्या वाहणाऱ्या पट्ट्याची साखळी दुरुस्त करायला गेला. तासाभरानं आवाज आला.

आता दोन नंबरची स्प्रिंग बदलायची होती आणि कार्डावर डावऱ्याचं नाव होतं.

या खेपेला साहेब स्वतः हजर होते, हातात नव्या नियमांचा छापील कागद. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, पण घोडं चांगलं होतं हे कबूल करायला हवं. अलीकडचा आणि पलीकडचा व्हॉल्व्ह बंद, दोन्हींना कुलूप, किल्ल्या डावऱ्याच्या गळ्यात. आतला दाब हळूहळू बाहेर सोडला, दोन्ही गेजचे काटे शून्यावर आले, तरी थांबून पुन्हा बघितलं. मग स्क्रू. डावरा एकेक आटा मोजत होता. जोर हळूहळू कमी होत गेला, अकराव्या आट्याला स्क्रू मोकळा झाला. निरोगी स्प्रिंग अशीच सुटते.

"आता सळई," साहेबांनी कागदावरून वाचलं.

स्क्रूच्या भोकातून बारीक सळई आत घालून चकती वर आली की नाही हे बघायचं, हा नवा नियम. सळई दोन बोटं आत गेली आणि चकतीवर टेकली. चकती वर आली होती. सळई म्हणजे काय, तर सायकलच्या चाकाच्या तारेएवढा एक तुकडा. डावऱ्यानं तो पुसून खिशात ठेवला, आणि त्याला इतकं भरून आलं की साहेबांना पाठ करून त्यानं पाने उगाच लावून ठेवले.

समोरासमोरचे दोन बोल्ट काढून तिथे लांब बोल्ट घातले, म्हणजे टोपी उठलीच तरी त्यांच्यावर अडकेल. बाकीचे काढले. शेवटी त्या लांब बोल्टांचे नट आळीपाळीनं अर्धा अर्धा आटा सोडत टोपी अलगद मोकळी केली, चेहरा बाजूला ठेवून. जुनी स्प्रिंग निघाली, नवी बसली, चकती बोटानं फिरवली तर गरागरा फिरली. टोपी परत लावताना एक नट निसटला आणि नळाखालच्या चरात पडला.

डावरा पोटावर आडवा झाला आणि हात आत घातला. तेलकट गाळ, चिंध्या, काचेचा चुरा. बोटांना नट लागला. त्याच्या शेजारी आणखी काहीतरी लागलं, चपटं, तळहाताएवढं गोल. बाहेर न काढताच त्यानं ओळखलं. त्यानं तिच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याला स्वतःची कानस लागली.

"काय सापडलं?" वरून साहेबांनी विचारलं.

"नट," डावरा म्हणाला.

त्यानं काम पुरं केलं. साबणाचं पाणी लावून गळती बघितली, व्हॉल्व्ह हळू उघडले, दाब लावला, नव्या स्प्रिंगची पट्टी बसवून तिच्यावर तारीख ठोकली. साहेब म्हणाले, "असं काम करायला हवं होतं त्यानं." डावरा पाने पुसून पेटीत ठेवू लागला. नटाबरोबर गुपचूप खिशात सरकवलेली चकती मांडीला लागून थंडगार पडली होती.

चकती भंगाराच्या पिंपात टाकायची की साहेबांच्या टेबलावर ठेवायची, हा विचार त्यानं कपडे बदलताना केला, फाटकापर्यंत केला, रस्ताभर केला. पिंप मागे पडलं, ऑफिस मागे पडलं, आणि पाय साडूच्या घराकडे वळले.

साडूचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. मेहुणी दिवसा एका शिवणकामाच्या कारखान्यात जाऊ लागली होती. ती अजून यायची होती. दार नुसतं लोटलेलं होतं. साडू खिडकीपाशी पलंगावर बसला होता, डोळ्यांवर काळा चष्मा, बोटांत तो स्क्रू. दवाखान्यातून कपड्यांच्या पुडक्यात तो घरी आला होता. त्या दिवसापासून त्याच्या हातातून सुटला नव्हता.

"डावऱ्या," तो म्हणाला. "पाय ओळखतो मी आता. डावा जरा जोरात टाकतोस. चालण्यातही उलटाच."

डावरा पलंगावर बसला. पलंग डुगडुगला, त्याचा एक पाय आखूड होता. रोज कुणी ना कुणी म्हणायचं की त्याखाली काहीतरी घालायला हवं.

"झाला दोन नंबर?"

"झाला."

"सळई घातली म्हणे. काल कुणीतरी सांगून गेलं." साडू स्क्रू फिरवत राहिला. "आपल्या वेळी सळई नव्हती. नाहीतर मी घातली असती. घातली असती ना रे?"

"घातली असतीस."

"तिकडे काय म्हणतात सगळे? अजून तेच? क्रम चुकवला?"

गेले चार महिने हा प्रश्न आला की तो मूग गिळून बसायचा आणि साडू स्वतःच पुढे बोलायचा. आजही तो बोललाच. "डोळ्यांचं एक वेळ सोड. गेले ते गेले. पण मला रोज झोपताना वाटतं की बोल्ट आधी सोडले असतील का मी? आठवतं की स्क्रू काढला. अगदी आठवतं, दोन आट्यांत हलका झाला होता. पण मग टोपी उडाली कशी? म्हणजे जे आठवतं तेच खोटं. स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला तर फिटरकडे राहतं काय? तू सांग, हा स्क्रू एक नंबरचाच आहे ना?"

दर वेळी डावरा म्हणायचा, "तसाच दिसतोय." आज त्यानं चकती काढली आणि साडूच्या तळहातावर ठेवली.

साडूनं तिचं वजन बघितलं. मग दोन्ही बाजू चाचपल्या, मधली खळगी सापडली, तिच्यात स्क्रूचं टोक टेकवलं. टोक बसलं. झिजेला झीज लागली. त्याचा चेहरा उजळला. चार महिन्यांत पहिल्यांदा उजळला असेल. डावऱ्याला तो चेहरा बघवेना, पण नजर काढताही येईना.

"एक नंबरची?"

"हो. चरात होती."

साडूचा अंगठा चकतीच्या कडेवर गेला. एकदा गोल फिरला, थांबला, पुन्हा उलटा फिरला. उजव्या हाताच्या माणसाची कानस एका अंगाला तिरकी रेघ सोडते आणि डावऱ्याची दुसऱ्या अंगाला. सबंध खात्यात तशी रेघ एकाच माणसाची होती आणि तिच्यावरून सर्वांत जास्त थट्टा साडूनंच केली होती.

"मोठ्या मापाची होती," साडू म्हणाला.

"हो."

"घासून बसवलीस."

"हो."

"अडकली. म्हणून दोन आट्यांत हलका झाला." तो हे डावऱ्याला सांगत नव्हता, स्वतःशी जुळवून बघत होता. "आणि त्या दिवशी सकाळी तुला ठाऊक होतं?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. "आठवलं होतं," डावरा म्हणाला. "सांगणार होतो. तू काहीतरी बोललास आणि मी हसलो."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार आपटलं. साडू दचकला. तो आता सगळ्याच आवाजांना दचकायचा.

"उद्या मी साहेबांकडे जातो," डावरा म्हणाला. "लिहून देतो. तुझ्या नावावरचं ते क्रमाचं पुसलं गेलं पाहिजे."

"जाऊ नकोस."

"अरे पण—"

"डोकं चालव जरा. तुला काढून टाकतील. मग हिला रोज कामावर सोडून येणार कोण? मला दवाखान्यात नेणार कोण? तुझी बायको सकाळी येते, माझं आवरते, दोन घास देते. माझ्या बायकोला हे कळलं तर ती सख्ख्या बहिणीला दारात उभी करणार नाही. दोन बहिणी आहेत, त्यांना तिसरं कुणी नाही. कळतंय का?" त्याचा आवाज चढला नव्हता. गिऱ्हाइकाला बिघाड समजावून सांगावा तसा तो बोलत होता. "माझे डोळे घेतलेस. आता वर हात-पायही नेऊ नकोस."

"मग मी करू काय?"

"ये रोजच्यासारखा. आणि एक लक्षात ठेव. मी तुला माफ केलं असं समजू नकोस. मला परवडत नाही म्हणून गप्प बसतोय."

डावरा रडला. आवाज न करता रडला, पण पलंग डुगडुगत होता, त्यामुळे साडूला ते कळत असणार. थोड्या वेळानं जिन्यात मेहुणीची पावलं वाजली तेव्हा त्यानं चकती उशीखाली सरकवली आणि म्हणाला, "तोंड पूस."

पुढच्या रविवारी डावरा बायकोला घेऊन गेला. न जाऊन चालणार नव्हतं. दोघी बहिणी स्वयंपाकघरात बोलत होत्या, मध्येच हसतही होत्या. साडू पलंगावर आडवा होता. त्याच्या हातात स्क्रू नव्हता. कुठे गेला ते डावऱ्यानं विचारलं नाही. ज्या गोष्टीचा पुरावा कुणाला दाखवायचाच नाही, ती हातात धरून बसणार तरी कशाला.

मेहुणी चहा घेऊन आली. "बसा ना भाऊजी, उभे काय राहिलात? पलंग आता हलत नाही. ह्यांच्या उशीखाली एक लोखंडाची चकती सापडली, म्हटलं हे काय उशाला घेऊन झोपता? तर म्हणाले, पायाखाली घाल, त्याच मापाची आहे." ती वाकून पलंगाच्या पायाकडे बघत कौतुकानं म्हणाली, "आणि खरंच बरोब्बर बसली. जरासुद्धा घासावी लागली नाही."

"डावऱ्याचं माप आहे ते," साडू भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "चुकायचं नाही."

मेहुणी हसली. चहाचा कप घेऊन डावरा त्याच्या शेजारी बसला. पलंग जराही हलला नाही.